शिराळकर सरांची गुहेतली मंडळी

आमच्या इमारतीत रोज सकाळी हजेरी होते. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत शिराळकर सर उभे राहतात, घसा खाकरतात आणि मोठ्याने नावं पुकारतात. आडनाव आधी, नाव नंतर.

"ऱ्हायनोलोफस रूक्सी! ऱ्हायनोलोफस लेपिडस! हिपोसिडेरॉस स्पिओरिस! हिपोसिडेरॉस फल्वस!"

प्रत्येक नावानंतर ते जरा थांबतात. मागच्या बाकावरचं पोरगं 'हजर' म्हणेल इतकाच वेळ. मग पुढचं नाव. हजर मात्र कुणी म्हणत नाही, कारण ही सगळी मंडळी वटवाघळं आहेत. सर सांगलीत विश्रामबागेत नावं पुकारत असतात तेव्हा ती तिकडे सातारा जिल्ह्यात, जावळीच्या डोंगरातल्या गुहांमध्ये उलटी लटकून झोपलेली असतात.

पहिल्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या एका बाईंना हे कुठलंतरी स्तोत्र वाटलं. त्यांनी देवापुढे दिवा लावायची वेळ त्यावर बेतली. पुढे खरं काय ते कळलं, तरी त्यांनी वेळ बदलली नाही. "उच्चार फार स्वच्छ आहेत हो सरांचे," म्हणाल्या.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. राहतात एकटे. नोकरीत होते तेव्हा दिवाळीची सुट्टी असो की उन्हाळ्याची, बॅटरी, जाड बूट आणि शेंगदाण्याची पिशवी घेऊन ते डोंगरात जायचे आणि कुठल्यातरी गुहेत शिरायचे. तिथे कोण कोण राहतं याची चौकशी करायचे. चौकशी हा त्यांचाच शब्द. बाकीचे लोक वटवाघळांचा अभ्यास करतात, सर चौकशी करतात.

त्यांच्यासमोर 'वटवाघूळ' म्हणायची सोय नाही. लगेच हात वर होतो. "कोण आलं ते सांगा! माणूस आला, असं कुणी सांगतं का? कोण आला, कुठल्या घरातला, नाव काय, ते सांगतो ना आपण? मग त्यांनीच काय घोडं मारलंय?"

ही सवय त्यांनी सगळ्या इमारतीला लावली. वॉचमन पूर्वी खालून ओरडायचा, "सर, कुरियरवाला!" वरून उत्तर यायचं, "कोण आलं ते सांगा!" आता वॉचमन त्या पोराचं आधी नाव विचारून घेतो आणि मग ओरडतो, "सर, कदम संभाजी! हातात खोकं!" कदम संभाजीला सुरुवातीला वाटायचं की आपल्याविरुद्ध तक्रार आहे. आता तो वर जाताना केस नीट करून जातो.

एकदा जिन्यात एक लहानसं वटवाघूळ शिरलं आणि एकच गोंधळ झाला. आमचे सेक्रेटरी झाडू घेऊन धावले. सर मध्ये उभे राहिले. "मारायचं असेल तर आधी नाव सांगून मारा. बेनामी कारवाई मी होऊ देणार नाही." सेक्रेटरींना नाव सांगता येईना. तेवढ्यात तो प्राणी खिडकीतून निघून गेला.

मी हिशेबखात्यातला माणूस आहे. साखर कारखान्यात आयुष्य आकडे जुळवण्यात गेलं. ज्याचा ताळा लागत नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही. त्यामुळे सर जिन्यात भेटले की मी नमस्कार करून बाजूने निघून जायचो. असल्या हजेरीचा ताळा कशाशी लावायचा, हे मला कळत नव्हतं.

ते कळलं आबांच्या आजारपणात. आबा म्हणजे माझे वडील. मूळ गाव जावळीत, मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. आबा सैन्यातून नायब सुभेदार होऊन परत आले आणि तिथेच शेती करत आईबरोबर राहिले. अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांना मी सांगलीला आणलं. जीव वाचला, हळूहळू काठी धरून चालायलाही लागले. पण वाचा गेली. शिलकीत तीन शब्द राहिले: 'हां', 'न्हाई' आणि 'आयला'. त्यातही पहिल्या दोन शब्दांची अदलाबदल व्हायची. म्हणजे खात्रीचा शब्द एकच.

वाचा सुधारण्यासाठी एक मॅडम घरी येऊ लागल्या. भल्या बाई. चित्रांची कार्डं दाखवायच्या. चमचा, पेरू, कप. आबा चमच्याकडे बघायचे. शब्द गळ्यापर्यंत आलेला दिसायचा, मान ताठ व्हायची, आणि बाहेर यायचं, "आयला." मॅडम म्हणायच्या, "छान, पुन्हा प्रयत्न करू." ज्या माणसाने पन्नास-पन्नास जवानांना नावानिशी हाका मारल्या, त्याला चमचा म्हणता येईना. एक दिवस त्यांनी डाव्या हाताने सगळी कार्डं जमिनीवर ढकलली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"कळतंय वो सगळं त्यास्नी," आई मॅडमना सांगत होती. "भाईर पडत न्हाई एवढंच."

डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीच्या काही महिन्यांत गप्प बसू देऊ नका. आबा तर पुरते गप्प झाले. त्यांना गावी जायचं होतं. दारातून बाहेर हात करून दाखवायचे, आई लगेच ओळखायची. पण गावी दोघंच. आई शेतात गेली आणि मागे काही झालं तर हाक तरी मारता यायला हवी की नको? मी ठरवून टाकलं: चार माणसांना नावाने हाक मारता आली की गावी, तोवर इथेच. आबांना मी हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खात्रीचा शब्द उच्चारला.

त्यांचा पलंग खिडकीशी होता. वरच सरांची गॅलरी. एका सकाळी नेहमीची हजेरी चालू झाली. आई ओट्याशी चहा करत होती. मी दाढी करत होतो.

"मेगाडर्मा लायरा!" सरांनी पुकारलं आणि थांबले.

"हाजिर, साब!"

परेडच्या मैदानावर जावा तसा आवाज. आईच्या हातून गाळणं पडलं. मी अर्ध्या दाढीने धावलो. आबा उशीवरून मान उचलून बसले होते आणि हे आपल्याच तोंडून निघालं का, असा चेहरा करून होते.

वरची हजेरी थांबली. मग जिन्यात सपातांचा फटफट आवाज. दारात सर, खांद्यावर टॉवेल. धाप लागलेली. "कोण बोललं?"

"आवं सर, आमचं मालक बोललं!" आई रडत आणि हसत म्हणाली.

अर्थात पुन्हा म्हणायला सांगितल्यावर आबांना ते म्हणता आलं नाही. जुन्या सवयीने निसटलेला शब्द होता तो. सर मात्र खुर्ची ओढून त्यांच्या पलंगाशी बसले. आयुष्यभर पुकारलेल्या हजेरीला पहिल्यांदा कुणीतरी ओ दिली होती. ते असे सोडून थोडेच जाणार?

पलंगाखाली राहून गेलेलं चमच्याचं कार्ड त्यांनी उचललं, उलटसुलट पाहिलं आणि माझ्याकडे दिलं. "हे ठेवून द्या. सुभेदारांना चमचा म्हणायला लावू नका. चमचा म्हणता येत नाही याची माणसाला लाज वाटते. हिपोसिडेरॉस म्हणता येत नाही, यात कसली लाज? सांगलीत कुणालाच म्हणता येत नाही."

मी मॅडमना विचारलं. त्या हसल्या. "शब्द कुठलाही चालेल. त्यांना म्हणावासा वाटला पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून सर रोज खाली येऊ लागले. आबांचा डावा तळहात स्वतःच्या हातात घ्यायचे आणि त्यावर बोटाने ठोके देत नाव फोडायचे. हि. पो. सि. डे. रॉस. नुसतं नाव नाही, सगळी माहिती. "सुभेदार, हे पाननाके. नाकावर पान असतं." आईने विड्यासाठी आणलेलं पान उचलून त्यांनी स्वतःच्या नाकावर लावलं आणि तसेच बोलत राहिले. "आणि हे ऱ्हायनोलोफस. हे नालनाके. नाकावर घोड्याचा नाल." मग दोन बोटांचा नाल करून तो नाकावर.

आई लसूण सोलत ऐकायची. आमच्या भागात माणसाची ओळख झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. तो तिने विचारला. "मंग सर, ह्ये नालवालं आन् पानवालं एकमेकाचं कोण?"

"चुलत," सर म्हणाले. "पूर्वी एकाच घराण्यात धरायचे. मागाहून शास्त्रज्ञांनी दोन घरं वेगळी केली."

"वाटण्या झाल्या म्हणा की," आई म्हणाली. "आन् ऱ्हात्यात कुटं आता?"

"पुष्कळदा एकाच गुहेत. पण आपापल्या कोपऱ्यात."

"आमच्या भावकीवानीच हाय की वो सगळं!" आईला तेव्हापासून त्या मंडळींबद्दल आपलेपणा वाटू लागला.

आबा ऐकायचे, ओठ हलवायचे, चुकायचे. पण चुकल्यावर भिंतीकडे वळायचे नाहीत, कारण समोर सरही अडखळायचे. एखादं नाव मुद्दाम चुकवायचे आणि मग स्वतःलाच रागवायचे. नाटक वाईट करायचे, पण आबांना ते चालत होतं.

असं काही आठवडे गेल्यावर एका दुपारी आबा स्पष्ट म्हणाले, "लंका... दिवा."

हिपोसिडेरॉस लंकादिवा. पाननाक्यांतला चांगला थोराड. सरांनी टाळ्या वाजवल्या. मी डोळे पुसले. आई मात्र हातातलं तसंच टाकून दारात येऊन उभी राहिली.

"कोण ही लंका?"

"आई, वटवाघूळ आहे ते."

"ते कळलं मला. पन्नास वर्सं संसार केला मी. लग्नात एकदा उखाण्यात माझं नाव घेतलं, त्ये बी करवल्यांनी दार अडवलं म्हणून. तवापास्नं 'आगं' आन् 'ऐकतीस का' यावर भागवलं. आन् आता वाचा फुटली तर नाव कुणाचं घेतलं? वाघळाचं!"

"बाई, लंकादिवा हे नाव—" सर समजवायला गेले.

"तुमी गप बसा वो सर. समदं तुमच्यामुळंच झालंय." असं म्हणून ती आत गेली आणि सरांसाठी साजूक तूप घालून शिरा केला. आबांनाही दिला, जरा कमी.

मग वाट मोकळी झाल्यासारखे एकेक शब्द येऊ लागले. रूसेटस. फल्वस. लहानपणी आबा गावच्या वरच्या गुहेत शिरायचे, हे तेव्हा कळलं. टॅफोझोस मेलॅनोपोगॉनचं वर्णन सर करू लागले तेव्हा त्यांनी आपल्या हनुवटीवर हात फिरवला आणि म्हणाले, "दाढ्या."

सर खुर्चीतून उठले. "सुभेदार! मेलॅनोपोगॉन म्हणजे काळी दाढीच. ग्रीकमध्ये जे म्हटलंय, ते तुम्ही जावळीत म्हणताय!"

"पोरं... म्हणायची," आबा म्हणाले.

सरांचं जुनं दुःख हेच होतं. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळं बोलीतलं नाव आहे, आपण सगळ्यांना सरसकट एकच नाव देऊन मोकळे. आता आबांच्या घशातून गावच्या पोरांनी कधीकाळी ठेवलेली नावं निघू लागली. दाढ्या. कान्या. कान्या म्हणजे तो मेगाडर्मा लायरा, ज्याच्या नावाला आबांनी पहिली ओ दिली होती. मोठ्या कानांचा, बेडूक आणि उंदीर धरून खाणारा. शास्त्रीय नाव सर द्यायचे, बोलीतलं आबा. देवघेव बरोबरीची होती, आणि बरोबरीत बसल्यावर आबांचा आवाज चढत गेला.

'मेगाडर्मा' या शब्दाने त्यांना सगळ्यात जास्त छळलं. हाजिर होणं सोपं, म्हणणं अवघड. 'मेगा' यायचं, 'डर्मा' वाटेत अडायचं. आबा सकाळी, दुपारी, जेवताना तोच शब्द घोळवायचे. शेवटी तो आला. पूर्ण आला. त्या दिवशी त्यांनी तो भेटेल त्याला ऐकवला. मला, आईला, गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला.

दुसऱ्या दिवशी सर आले ते पडलेल्या चेहऱ्याने. बसले नाहीत.

"सुभेदार, मी तुमच्याशी खोटं बोललो. मेगाडर्मा लायरा आता मेगाडर्मा राहिलेला नाही. शास्त्रज्ञांनी नाव बदललंय. लायरोडर्मा लायरा. मला ठाऊक होतं. पण मी मुलांना उभं आयुष्य मेगाडर्मा शिकवलं. जीभ वळेना. तुम्हालाही तेच शिकवलं. आता आपण नवीन म्हणू या. लाय. रो. डर्मा."

आबा लाल झाले. काठी जमिनीवर आपटली. मला वाटलं, आता पुन्हा भिंत. मी मध्ये पडायला पुढे झालो.

"न्हाई!" आबा गरजले. "मेगाडर्मा! लय... लय तरास झाला. नाव... बदलायचं... न्हाई!"

अदलाबदल न होता 'न्हाई' आलं होतं. आणि त्याच्यामागे वाक्य आलं होतं. झटक्यानंतरचं पहिलं एवढं मोठं वाक्य, आणि तेही भांडणाचं.

सरांनी टॉवेलने तोंड पुसलं. भांडणात हरल्याचा इतका आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. "ठीक. जगात लायरोडर्मा. या घरात मेगाडर्मा. आणि कान्या तर कान्याच. बोलीतल्या नावाला कुठल्या शास्त्रज्ञाला हात लावता येत नाही."

त्यानंतर आबा भांडून भांडून बोलायला लागले. भाजीवरून, बातम्यांवरून, माझ्या दाढीवरून. सगळे शब्द परत आले नाहीत. अजूनही पुष्कळ अडतात. पण मला, माझ्या बायकोला, शेजाऱ्यांना ते नावाने हाक मारू लागले. आईला एकदा चुकून नावाने हाक मारली, तेव्हा ती दिवसभर पदर सावरत फिरत होती. माझी अट पुरी झाली. गावी जायचा दिवस ठरला.

मी सरांचे आभार मानायला वर गेलो. मला असलं काही नीट बोलता येत नाही. त्यांनी हात वर केला. "आभार मंडळींचे माना. गुहेत जाऊन."

निघायच्या दिवशी गाडी फाटकाशी लावली. सगळी इमारत खाली आली होती. आबा पुढच्या सीटवर, आई मागे डब्यांच्या गराड्यात. सर गाडीच्या खिडकीशी उभे होते. त्या दिवशी गॅलरीत हजेरी झाली नव्हती.

आबांनी सरांच्या छातीकडे बोट केलं. "तू... कोण? नाव?"

सरांना तो शेवटचा धडा वाटला. ताठ उभे राहून त्यांनी रीतीप्रमाणे आडनाव आधी सांगितलं. "शिराळकर दत्तात्रय."

आबांनी डोळे मिटले. ओठ हलले. 'दत्ता'पर्यंत पोचले, पुढचं जोडाक्षर अडलं. मागे फिरले. पुन्हा निघाले. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले,

"दत्त्या. गावाला ये रं."

मागून आई कळवळली. "आवं! सर हायत त्ये! असं एकेरी का बोलताय?"

सर खिडकीची काच जिथे आत गेली होती तिथे दोन्ही हात ठेवून उभे राहिले. नंतर माझ्याकडे न बघता, मला ऐकू येईल इतपत म्हणाले, "थोरले बंधू गेल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं. सगळ्यांचा सर झालो ना."

इतकी वर्षं आम्ही त्यांच्याशी अदबीने बोलत आलो होतो. वॉचमन, कदम संभाजी, सेक्रेटरी, मी. अदबीत कुठे काही कमी पडलं नव्हतं.

आई अजून मागून आबांना दटावत होती. सर खाली वाकले आणि तिला म्हणाले, "राहू द्या, वहिनी. ते माझं बोलीतलं नाव आहे."

मग त्यांनी आबांचा डावा हात हातात घेतला. या वेळी त्यावर ठोके दिले नाहीत.

"येतो, दादा," म्हणाले. "नक्की येतो."